वेळेआधी मारलेलं पाणी

शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. घरात, ओट्यावर, न्हाणीत, अंगणात, सगळीकडे तीच फरशी. उन्हाळ्यात तिच्यावर पाय भाजतात, पावसाळ्यात घसरतात, आणि तरी पुढचं घर बांधताना माणूस पुन्हा तीच आणतो. बिदर जिल्ह्यातल्या औरादला माझ्या घरापुढेही तीच होती. काही वर्षांपूर्वी श्रावणात माझी बायको अंगणात कपडे वाळत घालताना पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी तिला त्या हातानं भाकरी थापता येईना. तेव्हा मी ठरवलं की अंगणातली फरशी काढून टाकायची.

मुलगी हैदराबादेत नोकरीला आहे. तिनं फोनवर एका बंगल्याच्या अंगणाचा फोटो पाठवला. जमिनीतून बारीक गोटे डोकावत होते, काळे, पांढरे, मधूनच तपकिरी. नदीच्या उथळ पाण्यात दिसतात तसे.

"याला एक्सपोज्ड अ‍ॅग्रिगेट म्हणतात, बाबा," ती म्हणाली. "काँक्रीटमध्ये गोटे घालतात आणि वरचं सिमेंट धुऊन काढतात. पाय घसरत नाही."

औरादमध्ये हे काम कोण करणार, असा प्रश्न होता. चौकशी केल्यावर कळलं, की वरच्या वस्तीतलं एक जोडपं आठ वर्षं हैदराबादच्या बंगल्यांवर हेच काम करून नुकतंच गावी परतलंय. नवरा मिस्त्री. मी त्याला बोलावून घेतलं, तर तो बायकोला मोटारसायकलवर मागं बसवून आला. अंगण त्यानं पाहिलं, पण प्रश्न सगळे तिनंच विचारले. ऊन कुठून येतं, लिंबाची सावली किती वाजेपर्यंत राहते, पाणी कुठलं, पाण्याला जोर किती.

"माल दोघं कालवतो, घालतो मी," मिस्त्री म्हणाला, "धुवायचं तिचं. त्याची वेळ तिलाच कळती."

ही वेळच सगळं काही आहे, हे मला पुढं कळलं. काँक्रीट ओतून त्यावर गोटे पसरायचे आणि लाकडी थापीनं दाबून आत बसवायचे. वरून सिमेंटची साय येते, गोटे झाकले जातात. मग थांबायचं. सिमेंट थोडं घट्ट झालं, पण दगड झालं नाही, अशा अवस्थेत मऊ ब्रश आणि पाण्याची बारीक धार घेऊन वरची साय तेवढी काढायची. उशीर झाला तर साय निघत नाही. घाई केली तर सिमेंटबरोबर गोटेही उखडतात आणि सगळ्याचा चिखल होतो. उन्हात ही वेळ लवकर येते, सावलीत उशिरा. मिस्त्रीची बायको गुडघ्यांवर बसून तळहात जमिनीवर अलगद ठेवायची. माझ्या बायकोला तिनं सांगितलं होतं, "वलं लागलं पायजे, पण हाताला चिकटाय नको, अक्का."

गोटे मांजरा नदीच्या पात्रातले होते. ते तिनं चाळून घेतले आणि त्यातले लाल खडे एकेक करून वेचून काढले. आपल्याकडचा लाल दगड पाणी पितो आणि दोन पावसाळ्यांत भुगा होतो, असं ती म्हणाली. या कामात तिचा अख्खा दिवस गेला. मी कामावरून परतलो तेव्हा तिच्या पायाशी लाल खड्यांचा ढीग होता आणि मला ते थोडं जास्तीचंच वाटलं होतं.

माझ्याविषयी सांगायला हवं. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करतो. डॉक्टर नाही, पण खेड्यापाड्यांत मला सगळे साहेब म्हणतात. आजोबा मेंढरं घेऊन रानोरान फिरले, वडिलांनी जमीन धरली आणि मी खुर्ची. मी एखाद्या गाईकडे पाहून ती वाचत नाही म्हणालो, तर लोक तिला पाणीसुद्धा पाजायचं थांबवतात. माझ्या शब्दाला असं वजन आहे. त्याचा मला अभिमान होता.

ते दोघं बौद्ध. आमच्या घरी त्यांना चहा काचेच्या ग्लासात दिला जायचा आणि ते दोन ग्लास खिडकीत वेगळे ठेवलेले असायचे. आमच्या कपांत ते मिसळत नव्हते. कुणी तसं सांगितलं नव्हतं, ते आपोआप होत होतं आणि मी ते पाहत होतो. हे मी आजवर कुणापुढे कबूल केलेलं नाही.

चहा पिताना ती माझ्या बायकोशी बोलायची. वस्तीतल्या विहाराची नवी इमारत झाली होती आणि पुढचं अंगण बाकी होतं. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी तिला विचारलं होतं.

"हे तुमचं अंगण बघून ते ठरवणार हायेत," ती म्हणाली. "काम भेटलं तर कमिटीच्या कागदावर मिस्त्री म्हणून माझं नाव लावतो म्हणले. ह्यांचं न्हाई, माझं."

"मग तुझा नवरा काय करणार?" बायकोनं हसत विचारलं.

"माझ्या हाताखाली घमेलं उचलंल की. आठ वर्षं मी उचललंय."

मिस्त्री तिथंच होता. तोही हसला. "हिला आताच कागद मिळाल्यागत झालंय," तो म्हणाला. पण त्याला बरं वाटत होतं, हे दिसत होतं.

अंगणाचे त्यांनी सहा चौकोन पाडले होते. पहिल्या दोन दिवसांत चार झाले. मी कामावरून आलो की चपला काढून त्यांवरून चालायचो. तळव्यांना गोटे लागायचे, पण टोचायचे नाहीत. बायकोनं कितीतरी दिवसांनी अंगणात न बिचकता पाय टाकला.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. शेवटचे दोन चौकोन सकाळी ओतले. त्यातला एक उन्हात होता आणि एक लिंबाखाली. साडेबाराच्या सुमारास गुरुजींचा निरोप आला. जागा मोजायची आहे, दोघांनी येऊन जावं. तिनं दोन्ही चौकोनांवर तळहात ठेवून पाहिला.

"उन्हातला आडीच वाजता व्हईल, सावलीतला चारला," ती मला म्हणाली. "तवर आमी येतोच. साहेब, तेवढं पाणी लावू नका. मी आल्याबिगर हात लावू नका."

मी मान हलवली.

ते गेले आणि मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. ऊन चढलं होतं. उन्हातल्या चौकोनाच्या कडा हळूहळू पांढऱ्या पडायला लागल्या. आमच्याकडे घर बांधलेल्या कुठल्याही माणसाला काँक्रीट पांढरं पडताना बघवत नाही. स्लॅब पडला की पाणी मारायचं काम मालकाचं, ही इथली रीतच आहे. मिस्त्री निघून जातो आणि पुढं एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ मालक, मालकीण, म्हातारी आई, जो असेल तो पाणी मारतो. कुणाचं घर किती पक्कं आहे हे सांगताना लोक सिमेंटचं नाव घेत नाहीत, मालकानं पाणी किती मारलं ते सांगतात. माझं घर बांधलं तेव्हा वडील होते. भर उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळून ते स्लॅबवर पाइप घेऊन उभे असायचे.

शेजारचे अप्पा कुंपणापाशी आले. ते जुने तलाठी, आता घरीच असतात.

"काय साहेब, काँक्रीटला पाणी न्हाई?"

"धुणारी बाई येऊ द्या म्हणलीय."

"बाई म्हणलीय?" अप्पांनी चष्मा वर केला. "घर तुमचं का बाईचं?"

"तसं न्हाई अप्पा. त्याची काय तरी वेळ असती."

"चार घरं बांधलीत मी. वेळ बिळ काय नसती. मिस्त्री लोकायचं काय जातंय वाळलं तर? ते बघा, कडा भेगाळायच्या बेतात हायेत. उद्या चिरा पडल्या तर बाईला विचारत बसा."

ते एवढं बोलून आत गेले. मी आणखी थोडा वेळ बसलो. खरं सांगायचं तर अप्पांच्या बोलण्यानं मला फक्त निमित्त दिलं. मनात मी आधीच म्हणत होतो, की हिला एवढं काय कळतं. सातवी शिकलेली, घमेली उचलणारी बाई मला माझ्याच अंगणात हात लावू नका म्हणून सांगून जाते.

घरामागं माझा थोडा जमिनीचा तुकडा आहे, तिथं बोर आहे. दोन वाजता शेतीची थ्री-फेज लाइट येते. ती आली तशी मी मोटर चालू केली आणि शेताचा जाड पाइप ओढून अंगणात आणला.

आधी उन्हातला चौकोन धुतला. वरचं सिमेंट दुधासारखं वाहत गेलं आणि खालून गोटे वर आले, स्वच्छ, चकचकीत. कडेचे काही निघाले, पण एकूण चांगलं दिसत होतं. मला केवढं समाधान वाटलं. यात काय मोठं, असं वाटलं. मग मी पाइप लिंबाखालच्या चौकोनाकडे वळवला.

पाण्याची धार पडताच तिथं खड्डा पडला. मला वाटलं, थोडं फिरवलं की सारखं होईल. मी धार फिरवली. सगळा चौकोन हलला. गोटे सुटून एका बाजूला गोळा झाले, सिमेंट आणि वाळूचा राखाडी चिखल नालीकडे निघाला. मी पाइप टाकून दिला, गुडघ्यांवर बसलो आणि हातांनी गोटे परत दाबायला लागलो. दाबलेला एक आत जायचा आणि शेजारचे दोन वर यायचे. मिस्त्रीची थापी घेतली, तिनं आणखी बिघडलं. शेवटी पोत्यातलं कोरडं सिमेंट दोन मुठी घेऊन वर भुरभुरलं, म्हणजे निदान खड्डा दिसू नये.

नंतर मी जे केलं ते चूक या शब्दात बसत नाही. मी मोटर बंद केली. पाइप गुंडाळून मागं नेऊन ठेवला. नालीतला चिखल खराट्यानं पुढं ढकलला. हातपाय धुतले आणि पायजमा बदलला. बायको आत झोपली होती. पंखा होता, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. मी पेपर घेऊन पुन्हा खुर्चीत बसलो.

ते अडीचला आले. ती गाडीवरून उतरतानाच बोलायला लागली. "उद्या बघायला येतो म्हणले गुरुजी. कागद तयार करून..." आणि थांबली.

उन्हातल्या चौकोनाकडे तिनं एकदाच पाहिलं. लिंबाखालच्या चौकोनाशी मात्र ती खाली बसली.

"पाणी कुणी लावलं, साहेब?"

"उन्हातलं वाळायलं होतं म्हणून तिकडं थोडं शिंपडलं," मी म्हणालो. माझा आवाज दवाखान्यातल्यासारखा होता, हे मला आजही आठवतं. "इकडं कुणी हात लावला न्हाई. मालच पातळ झालाय तुमचा. आपोआप खचला."

मिस्त्री माझ्याकडे पाहत होता, मग त्यानं बायकोकडे पाहिलं. "म्हणलो हुतो न्हाई, गोटे वले हायेत, पाणी कमी घाल म्हणून?"

"कमीच घातलं हुतं म्या."

"मग हे काय हाय?"

"मला काय म्हाईत काय हाय ते."

"तुझं लक्ष सकाळपासून विहारात. कागद, कागद. हातातलं काम बघायलीस का कागद बघायलीस?"

त्यानं माझ्यासमोर, माझ्या अंगणात तिला असं बोलावं आणि मी पेपर हातात धरून उभं राहावं, असं दहा-पंधरा मिनिटं चाललं. वरचं कोरडं सिमेंट तिनं बोटाच्या टोकानं उचललं, अंगठ्यावर चोळलं आणि पुसून टाकलं. तेव्हा तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. संध्याकाळी आंघोळीला बसलो तेव्हा मला दिसलं, माझ्या पायांच्या नखांत सिमेंट होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात छत्री. त्यांनी सगळं अंगण चालून पाहिलं आणि लिंबाखाली येऊन थांबले. ती दोघं त्या वेळी नव्हती, तो चौकोन फोडायला छिन्नी-हातोडा आणायला गेली होती. गुरुजींनी मला सरळ विचारलं.

"साहेब, तुम्ही सरकारी माणूस. तुमचं मत सांगा. बाईवर सोडावं का काम?"

इथं मला अजून एक संधी होती. सांगणारा मी एकटा, ऐकणारा एक म्हातारा माणूस, आणि शेजारी कुणी नाही. मी म्हणालो, "सुरुवात चांगली केली तिनं. पण शेवटी लक्ष राहिलं न्हाई. मोठ्या जागेला जरा विचार करा."

गुरुजींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "बरं झालं विचारलं," ते म्हणाले.

विहाराच्या अंगणात महिन्याभरानं उदगीरच्या एका ठेकेदारानं साधे सिमेंटचे ब्लॉक बसवले. लिंबाखालचा चौकोन तिनं फोडला आणि नव्यानं केला. त्या कामाचे चार दिवस ती माझ्याशी काही बोलली नाही. माझ्या बायकोनं माझ्याकडून जे ऐकलं होतं ते शेजारणींना सांगितलं. काम छान करते, पण भरवसा न्हाई, एक चौकोन बिघडवला होता. माझं खोटं असं बायकोच्या तोंडून गल्लीत फिरलं आणि मी जेवताना ते ऐकत राहिलो.

दीड वर्ष गेलं. आम्ही दोघं एका लग्नासाठी मन्नाएखेळ्ळीला गेलो होतो. परत येताना हायवेवर एका नव्या ढाब्यापाशी चहाला थांबलो. ढाब्यापुढं गोट्यांच्याच काँक्रीटचं काम चाललं होतं. आमचाच मिस्त्री खाली बसून थापी मारत होता. दुसरा एक पोरगेलासा माणूस तारेचा ब्रश घेऊन चौकोन धूत होता. धूत कसला, खरवडत होता. उशीर झाला होता, साय निघत नव्हती. आणि ती डोक्यावर घमेलं घेऊन वाळूच्या ढिगाकडून येत होती. त्या खरवडणाऱ्या माणसापाशी ती क्षणभर थांबली. तिनं खाली पाहिलं, पण बोलली काही नाही. घमेलं ओतून परत वळली तेव्हा आम्ही तिला दिसलो.

"अक्का, हात कसा हाय?" तिनं माझ्या बायकोला विचारलं.

"बरा हाय आता. तू इकडं कुठं?"

"ठेकेदाराबरोबर आलाव. पंधरा दिवसाचं काम हाय."

"तू धुवायली न्हाईस?"

"आता ते न्हाई करत मी," ती म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता घमेलं उचलून गेली.

मी चहा अर्धाच ठेवून उठलो. परतीच्या वाटेवर बिदर मागं पडल्यानंतर मी बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे दीड वर्ष मी गल्लीत खोटं सांगत फिरले," ती म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं."

"तुम्हाला माहीत होतं की. माझ्यासमोर बसून जेवत होताव. कामून न्हाई सांगितलं?"

"लाज वाटायली होती."

"आता न्हाई वाटत?"

दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीतले ते दोन ग्लास आत नेऊन कपांच्या फळीवर ठेवले.

मन्नाएखेळ्ळीचं काम संपवून ते परतल्याचं कळलं तेव्हा मी वरच्या वस्तीत त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री बाहेर गेला होता. ती दारात बसून तूर निवडत होती. मला पाहून उठली, खुर्ची आणून ठेवली, पाणी दिलं. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामी आलं नाही.

"त्या दिवशी पाणी मी मारलं होतं," मी म्हणालो.

ती पुन्हा सुपाशी बसली. "म्हाईत हाय की."

"कधीपासून?"

"तवाच. धारेनं उखडलेला गोटा आन् आपोआप खचलेला गोटा, दोन्ही सारखे दिसतेत व्हय, साहेब? वरून सिमेंट बी टाकलं हुतं तुमी."

"मग बोलला का न्हाईत?"

"कुणाला बोलू? तुमच्या अंगणात हुबं ऱ्हाऊन तुमाला खोटं म्हणू? माझा माणूस तुमचं ऐकायलता. गुरुजींनी तुमाला इचारलं, मला न्हाई." ती तुरीतले खडे काढत होती. "आन् आता मला कशाला सांगायलाव? मला ठाऊक हुतं."

"माफी मागायला आलो."

"ते बरं हाय. पर तुमी जे बोललाव ते हितं न्हाई बोललाव. जिथं ते पोचलं तिथं जाऊन सांगा. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळे बसतेत. माझा माणूस बी असतो."

मी हो म्हणालो. वाटेत मला दोनदा वाटलं, की गुरुजींना एकट्यालाच घरी गाठून सांगावं, तेही चालेल. त्या रविवारपर्यंतचे तीन दिवस मी हेच चघळत होतो. शनिवारी बायको म्हणाली, "मी येते संगं." मी नको म्हणालो. तरी ती आली.

वंदना झाली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला बसल्या होत्या, पन्नासेक माणसं असतील. गुरुजींनी मला बोलायला सांगितलं. त्यांना वाटलं असावं, मी लसीकरणाबद्दल काही सांगणार आहे. मी उभा राहिलो आणि नोकरीत शिकलेली भाषा तोंडातून निघाली.

"मागे माझ्या घरच्या कामाबाबत आपल्या इथल्या ताईंविषयी थोडा गैरसमज झाला होता. तो दूर करावा म्हणून..."

"गैरसमज नव्हता, साहेब," बायकांतून आवाज आला. तिचाच होता. चढलेला नव्हता, नेहमीचाच.

सगळे वळून तिच्याकडे पाहायला लागले आणि मग माझ्याकडे. मला आठवतं, मी समोरच्या खांबाकडे पाहून बोललो.

"मी खोटं बोललो. तिनं पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी लावलं. चौकोन मी बिघडवला आणि तिच्यावर ढकलला. गुरुजींनाही खोटं सांगितलं."

खाली बसू की उभा राहू, हे कळत नव्हतं. गुरुजींनी चष्मा काढून हातात धरला.

"आम्ही तुमच्या शब्दावर चाललो," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तिला विचारायला पाहिजे होतं. आमचीच लेक. तिला कुणीच विचारलं न्हाई." एक म्हातारा खोकला, कुणीतरी चटई गुंडाळायला लागलं.

बाहेर मी चप्पल शोधत असताना मिस्त्री माझ्याजवळ आला. तो रागावेल, असं मला वाटलं होतं. त्याचा आवाज अगदी खाली होता.

"बुरूस मी काढून घेतला तिच्या हातातला, साहेब. त्या दिवसापासून. तिनं दोनदा मागितला, दिला न्हाई. म्हणलो, तुझ्यामुळं काम जातंय." तो माझ्याकडे नाही, विहाराच्या दाराकडे पाहत होता. "तुमी त्या दिवशी संध्याकाळी जरी सांगितलं असतं तरी..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. एका माणसाला त्याच्या बायकोवर मी अविश्वास ठेवायला लावला होता. बिघडलेलं अंगण फोडून पुन्हा करता येतं, तिनं ते चार दिवसांत केलं होतं. नवऱ्यापुढं हात पसरून आपलाच ब्रश मागण्याचे ते दोन प्रसंग मी कसे पुसणार होतो.

विहाराच्या अंगणात ब्लॉक बसलेले आहेत, ते कुणी उखडणार नाही. रस्त्याकडच्या पाच पायऱ्या तेवढ्या कच्च्या राहिल्या होत्या. पावसाळा संपल्यावर गुरुजी मला बाजारात भेटले आणि म्हणाले, पायऱ्या तिला दिल्यात, कागदावर तिचंच नाव आहे. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला हलकं वाटलं आणि असं हलकं वाटल्याचीही लाज वाटली. सगळं अंगण तिचं होतं. मिळाल्या पाच पायऱ्या.

काम चालू होतं त्या दिवशी मी दुपारी त्या रस्त्यानं गेलो. मिस्त्री पाण्याचा पाइप धरून उभा होता आणि ती वरच्या पायरीवर वाकलेली होती. तो काहीतरी म्हणाला. "अजून न्हाई, थांब," ती म्हणाली, तशी त्यानं पाइप बाजूला केला. आजूबाजूला वस्तीतल्या चार-पाच बायका पाहत उभ्या होत्या.

मी रस्त्याच्या पलीकडं गाडी लावून थांबलो. तिनं मान वर केली तेव्हा तिला मी दिसलो असणार. ती पुन्हा कामाला लागली. मला तिनं बोलावलं नाही, आणि रस्ता ओलांडून जावं असं मलाही वाटलं नाही. दवाखान्यात परत जायची वेळ झाली तेव्हा मी गाडी सुरू केली.